अमेरिकेच्या पब्लिक स्कूलमधली कृष्णवर्णीय मुलं: आपल्या लोकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची कराडची. गेली चौदा वर्षं ओकलंडजवळच्या एका पब्लिक मिडल स्कूलमध्ये सहावी-सातवीला गणित शिकवते. दर वर्षी माझ्या वर्गातली निम्म्याच्या आसपास मुलं कृष्णवर्णीय असतात. गणपतीची आरती झाल्यावर, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, पुण्याहून येणाऱ्या फोनवर मला या मुलांबद्दल विचारलं जातं. विचारणाऱ्यांत नव्याने शिक्षक झालेले असतात, पालक असतात आणि घर कुठे घ्यावं या विचारात असलेली जोडपीही असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची मला देता येतील ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

कृष्णवर्णीय, ब्लॅक, आफ्रिकन-अमेरिकन: नेमकं काय म्हणायचं?

मराठीत मी कृष्णवर्णीय लिहिते. बोलताना 'ब्लॅक' चालतं, बहुतेक जण स्वतःला तेच म्हणवतात. आफ्रिकन-अमेरिकन हा शब्द मुख्यतः ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून इथे आणले गेले त्यांच्यासाठी वापरतात. वर्गात इथिओपिया, नायजेरिया, हैती इथून आलेल्या घरांतलीही मुलं असतात आणि त्यांच्या घरची गोष्ट वेगळी असते.

आपल्या घरांत 'कालू', 'कल्लू' हे शब्द सर्रास फिरतात. ते बंद करा. त्यांना मराठी-हिंदी कुठे कळतंय, हे उत्तर चालणार नाही. आपल्या मुलांना कळतं, आणि ती ते शब्द शाळेत घेऊन येतात. मी ते माझ्या वर्गात ऐकले आहेत, आणि ज्याला उद्देशून म्हटलं होतं त्या मुलाला अर्थ सांगावा लागला नाही, स्वरावरूनच कळला.

पब्लिक स्कूल म्हणजे आपली झेडपीची शाळाच ना?

फी नाही आणि दार सगळ्यांना उघडं, इथपर्यंत साम्य आहे. पैसा मात्र वेगळ्या वाटेने येतो. केंद्र सरकारचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेला राज्य आणि स्थानिक डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या शाळा चालवणारी संस्था) उभा करतात, आणि स्थानिक पैशाचा मोठा भाग येतो घरपट्टीतून. महागड्या घरांच्या वस्तीत शाळेला जास्त पैसा, स्वस्त घरांच्या वस्तीत कमी. टेक्सासमधल्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली होती. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्यांची मागणी फेटाळली. काही राज्यांनी नंतर आपापल्या पातळीवर ही तफावत कमी केली, तरी ती सगळीकडे गेलेली नाही.

कोणती वस्ती महाग झाली आणि कोणती स्वस्त राहिली, हेही आपोआप घडलेलं नाही. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने दाखवल्या गेल्या. तिथे गृहकर्ज मिळणं जवळपास अशक्य होतं. घरांच्या व्यवहारात वर्णावरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आली ती १९६८ साली. तोवर दोन पिढ्यांची घरं व्हायची राहून गेली होती.

पण शाळांतला भेदभाव १९५४ मध्येच संपला ना?

१७ मे १९५४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या ब्राउन निकालाने वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, हे खरं. त्या खटल्यात वकील थर्गूड मार्शल यांनी केलेला युक्तिवाद आजही आमच्याकडे आठवीत शिकवला जातो. पुढे काय झालं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.

१९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं की शहरातली आणि उपनगरांतली मुलं एकत्र आणण्यासाठी डिस्ट्रिक्टची हद्द ओलांडता येणार नाही, त्या उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालं तरच ओलांडता येईल. गोरी कुटुंबं आधीच उपनगरांत निघाली होती. तेव्हापासून हद्दीची रेघच भिंतीचं काम करते आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त सलते. शाळा एकत्र करताना दक्षिणेकडच्या अनेक डिस्ट्रिक्टांनी कृष्णवर्णीयांची शाळा बंद केली आणि मुलं गोऱ्यांच्या शाळेत पाठवली. मुलं गेली, त्यांचे शिक्षक गेले नाहीत. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेकडच्या आणि सीमेवरच्या १७ राज्यांत सुमारे ३८ हजार कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. मुलाला त्याच्या आईसकट, मावशीसकट ओळखणारी माणसं एका दशकात शाळेतून नाहीशी झाली. आज देशातल्या पब्लिक स्कूलमध्ये सुमारे १५ टक्के मुलं कृष्णवर्णीय आहेत, शिक्षक मात्र ६-७ टक्केच.

खरं सांगा, त्यांच्या घरीच शिक्षणाचं मोल नाही, असं नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, बहुधा आवाज खाली आणून. उत्तर देताना मला नेहमी कराड आठवतं.

आमच्या तालुक्यातल्या काले गावी १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. पोरांच्या वसतिगृहासाठी बायका दळायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायच्या. माझ्या आजीच्या घरी त्या मुठीचं मडकं वेगळं होतं. स्वतः अक्षरशत्रू असलेली ती बाई दुसऱ्याच्या पोराच्या शाळेसाठी ज्वारी काढून ठेवत होती.

अगदी त्याच काळात, १९१२ ते १९३२ दरम्यान, अमेरिकेच्या दक्षिणेत बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या कल्पनेतून आणि ज्युलियस रोझेनवाल्ड या उद्योजकाच्या देणगीतून कृष्णवर्णीय मुलांसाठी जवळपास पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. देणगीची अट होती की गावानेही आपला वाटा घालायचा. कापसाच्या शेतात राबणाऱ्या लोकांनी तो घातला. कुणी पैसे दिले, कुणी जमीन, कुणी लाकूड, कुणी अंगमेहनत. आणि हे लोक सरकारला करही भरत होतेच, ज्यातून गोऱ्यांच्या शाळा चालत होत्या. त्यांच्या आजोबा-पणजोबांना वाचायला शिकवणं दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता. तो कायदा गेल्यावर आजी आणि नात एकाच बाकावर अक्षरं गिरवायला बसल्या.

पालक-सभेला एखादी आई येत नाही, यावरून शिक्षणाचं मोल ठरवू नका. सभा साडेतीनला असते आणि तिची कामाची पाळी तीनला सुरू होते.

मग या मुलांना नेमकं काय कमी पडतं?

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, नजर ठेवणं आणि लक्ष देणं. चोरावर नजर ठेवतात आणि लेकराकडे लक्ष देतात. चौदा वर्षांत मी हे पाहिलं आहे की कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला नजर भरपूर येते. लक्ष देणारं माणूस फार थोड्यांना मिळतं.

येल विद्यापीठात वॉल्टर गिलियम यांच्या गटाने २०१६ मध्ये बालवाडीच्या १३५ शिक्षकांना चार मुलांचा व्हिडिओ दाखवला. एक कृष्णवर्णीय मुलगा, एक मुलगी, एक गोरा मुलगा, एक मुलगी. त्रास देणारं वागणं दिसतंय का बघा, असं सांगितलं. व्हिडिओत कुणीच काही चुकीचं करत नव्हतं. शिक्षकांचे डोळे कुठे जातात ते यंत्र मोजत होतं, आणि ते सगळ्यात जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलावर खिळले होते.

चार वर्षांचं पोर आहे ते. २०१७-१८ च्या सरकारी आकडेवारीनुसार पब्लिक बालवाड्यांत कृष्णवर्णीय मुलं १८ टक्के होती, आणि शाळेतून काही दिवसांसाठी घरी पाठवल्या गेलेल्यांत ४३ टक्के. मोठ्या वर्गांचंही चित्र वेगळं नाही. २०१३-१४ मध्ये पटावर साडेपंधरा टक्के आणि सस्पेंड झालेल्यांत ३९ टक्के. संसदेच्या लेखापरीक्षकांनी हे आकडे तपासले, तेव्हा गरीब शाळा असो की श्रीमंत, फरक सगळीकडे आढळला.

मुली यातून सुटत नाहीत. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात मोठ्या माणसांना कृष्णवर्णीय मुली त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा जास्त मोठ्या वाटतात, त्यांना मायेची आणि सांभाळण्याची गरज कमी आहे असं वाटतं, असं दिसलं. अगदी पाच वर्षांच्या मुलींबद्दलही.

तुमच्याकडून असं कधी झालं का?

झालं. पहिल्याच वर्षी. मी फळ्याकडे तोंड करून अपूर्णांकांचं उदाहरण लिहीत होते आणि मागून कुजबुज ऐकू आली. वळले ती थेट एका मुलाच्या बाकाकडे. त्याला दोनदा बजावलं, तिसऱ्यांदा ऑफिसमध्ये पाठवलं. तो काही न बोलता दप्तर उचलून गेला. तास संपल्यावर त्याच्या शेजारच्या मुलीने तिची वही दाखवली. समासात पेन्सिलने एक गोल काढून त्याचे आठ भाग पाडले होते, त्यांतले सहा रंगवले होते, आणि खाली त्याच्या अक्षरात लिहिलं होतं: सहा अष्टमांश म्हणजेच तीन चतुर्थांश. मी फळ्यावर जे शिकवत होते तेच तो तिला समजावत होता, आणि माझ्यापेक्षा चांगलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या वर्गासमोर त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली. पण त्यानंतर हात वर करायला त्याने फेब्रुवारी उजाडवला, हे मी विसरलेले नाही.

मुलाला सस्पेंड केलं तर पालकांनी पहिल्या दिवशी काय करावं?

आधी हे माहीत असू द्या की दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनलाही शाळेने मुलावर काय आरोप आहे ते सांगायला हवं, कशाच्या आधारे आहे ते सांगायला हवं आणि मुलाची बाजू ऐकायला हवी. ओहायोतल्या कोलंबसच्या विद्यार्थ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली हे बंधन घातलं. फोनवर "घेऊन जा" एवढंच सांगितलं असेल तर शांतपणे म्हणा, मला हे लेखी हवं. फोनवर घेऊन जायला सांगणं आणि नोंदच न करणं हा प्रकारही चालतो. तसं झालं तर स्वतः ईमेल करा: आज अमुक वाजता मला फोन आला, अमुक कारण सांगितलं, मुलाला घरी आणलं. तारखेसकट.

त्याच दिवशी मुलाकडून घटना त्याच्या शब्दांत लिहून घ्या. बुडणाऱ्या दिवसांचा अभ्यास मागा. तुमच्या राज्यात कोणत्या कारणावरून सस्पेंड करता येतं ते बघा. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून बारावीपर्यंतच्या कोणत्याही मुलाला केवळ 'उद्धटपणा' किंवा ऐकत नाही या कारणावरून सस्पेंड करता येत नाही. पूर्वी कृष्णवर्णीय मुलांना सगळ्यात जास्त लागायचं ते हेच कलम. मारामारी झाली की नाही हे पाहता येतं. नजरेत उद्धटपणा होता की नाही, हे पाहणाऱ्यावर ठरतं.

मुलाचा आयईपी, म्हणजे विशेष शिक्षणाचा लेखी आराखडा असेल आणि घरी पाठवणी सलग दहा दिवसांपलीकडे जात असेल, किंवा वर्षभरात पुन्हा पुन्हा तशाच कारणाने मिळून दहा दिवसांपलीकडे जात असेल, तर शाळेला दहा शालेय दिवसांच्या आत बैठक घ्यावी लागते. ते वागणं त्याच्या अपंगत्वामुळे घडलं का, हे तिथे ठरवायचं असतं. ही बैठक मागून घ्या.

वर्णावरून भेदभाव झाला असं वाटत असेल तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली केंद्रीय शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे १८० दिवसांत तक्रार करता येते. मार्च २०२५ मध्ये त्या कार्यालयाच्या बारापैकी सात शाखा बंद झाल्या, त्यामुळे त्याच्याच भरवशावर राहू नका. राज्याच्या शिक्षण खात्याकडेही तक्रार टाका.

गिफ्टेड वर्गांत कृष्णवर्णीय मुलं इतकी कमी का दिसतात?

गिफ्टेड म्हणजे विशेष हुशार ठरलेल्या मुलांचे वेगळे वर्ग. तिथे बहुतेक ठिकाणी शिक्षकाने किंवा पालकाने नाव सुचवल्यावरच चाचणी होते. आपल्या घरांत ही माहिती पहिलीपासून असते, आपण अर्ज करतो, खासगी चाचणी करून आणतो. चाचणीत तेवढेच गुण असलेल्या गोऱ्या मुलाच्या तुलनेत कृष्णवर्णीय मूल गिफ्टेड वर्गात घेतलं जाण्याची शक्यता निम्मी, असं २०१६ च्या एका देशव्यापी अभ्यासात दिसलं. शिक्षक कृष्णवर्णीय असेल तिथे हा फरक जवळपास नाहीसा झाला.

फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये साधी गोष्ट केली, दुसरीतल्या प्रत्येक मुलाची चाचणी घेतली. गिफ्टेड ठरलेल्या कृष्णवर्णीय मुलांचं प्रमाण ८० टक्क्यांनी वाढलं, हिस्पॅनिक मुलांचं १३० टक्क्यांनी. मुलं होती तिथेच होती, फक्त कुणी विचारलं नव्हतं. पुढे पैसे नाहीत म्हणून तो उपक्रम बंद पडला आणि आकडे पुन्हा खाली आले.

तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये सरसकट चाचणी होते का, हे बोर्डाच्या बैठकीत विचारा. तुमचं मूल आधीच त्या वर्गात असेल तर तुमच्या प्रश्नाला जास्त वजन येतं.

गणितात मागे पडलेल्या मुलाला वर आणता येतं का? कसं?

येतं. या प्रश्नावर मी तासभर बोलू शकते, थोडं सहन करा.

बॉब मोझेस हे नाव मराठीत फारसं ऐकलं जात नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मिसिसिपीत जिवावर उदार होऊन कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी केली. १९८२ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आपल्या मुलीच्या शाळेत बीजगणित शिकवायला उभे राहिले आणि तिथून अल्जेब्रा प्रोजेक्ट सुरू झाला. त्यांचं म्हणणं असं की पूर्वी नागरिकत्वाचं दार मताने उघडायचं, आता ते बीजगणिताने उघडतं. आठवी-नववीत ज्याला बीजगणित येत नाही त्याला कॉलेजची पुढची वाट बंद होते.

त्यांच्या लक्षात आलं की मुलं संख्येला 'किती' एवढंच विचारतात, 'कुठल्या बाजूला' हे विचारतच नाहीत, म्हणून ऋण संख्यांपाशी अडतात. ते मुलांना बोस्टनच्या लोकल रेल्वेने फिरवून आणायचे. आधी प्रवास, मग त्याचं चित्र, मग आपल्या रोजच्या बोलीत वर्णन, मग नेटक्या भाषेत, आणि सगळ्यात शेवटी चिन्हं.

मी हेच बार्टवर, म्हणजे आमच्याकडच्या लोकल रेल्वेवर करते. लेक मेरिट स्टेशन म्हणजे शून्य. बर्कलीकडे गेलं की अधिक: ट्वेल्थ स्ट्रीट १, नाइन्टीन्थ स्ट्रीट २, मॅकआर्थर ३. उलट दिशेला फ्रूटवेल उणे १, कोलिझियम उणे २. वर्गात परत आल्यावर विचारते, कोलिझियमहून मॅकआर्थरला किती स्टेशनं आणि कुठल्या बाजूला?

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा होता, सप्टेंबरभर डोक्यावर हूडी ओढून बसायचा. त्याने मान वर न करता सांगितलं, "पाच. बर्कलीकडे. मी शनिवारी आजीकडून जातो." मी फळ्यावर लिहिलं: जिथे पोचलो ते वजा जिथून निघालो ते, ३ वजा उणे २. बरोबर पाच. तो फळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, म्हणजे दोन उण्यांचं अधिक होतं ते म्हणून होय? त्याला तो नियम चौथीपासून पाठ होता. असं का, हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याने विचारलंही नव्हतं, कारण प्रश्न विचारणाऱ्याला उद्धट म्हणतात हे त्याला आधीच शिकवून झालं होतं.

मागे पडलेल्या मुलाला सोपं-सोपं देत राहू नका. त्याला त्याच्या इयत्तेचं गणित द्या आणि मागचं राहिलेलं त्यातच भरून काढा. सोपं दिलं की मुलाला कळतं की तुम्ही त्याच्यावरचा भरवसा सोडला आहे.

शिक्षकही कृष्णवर्णीयच हवा, हा आग्रह कशाला?

टेनेसीतल्या मुलांचा वर्षानुवर्षं माग काढलेल्या एका अभ्यासात दिसलं की तिसरीपर्यंत किमान एक कृष्णवर्णीय शिक्षक मिळालेली कृष्णवर्णीय मुलं कॉलेजला जाण्याची शक्यता १३ टक्क्यांनी वाढते, दोन मिळाले तर ३२ टक्क्यांनी. एका वर्षाच्या शिक्षकाचा परिणाम दहा वर्षांनी दिसतो.

आपल्याला यात नवल वाटायला नको. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच सांगितलं होतं: प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, ते मुलांमध्ये मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना कळतील; अलिप्त राहणाऱ्या उच्चवर्णीय पंतोजीला त्या कळणार नाहीत. ओकलंडजवळच्या शाळेत बसून मी ते वाचलं तेव्हा मला आमच्या स्टाफरूमबद्दलच कुणी बोलतंय असं वाटलं.

मी मराठी आहे. मला या मुलांना शिकवणं जमेल?

जमेल, पण तुम्ही त्यांच्यातले नाही हे मान्य करून सुरुवात करा. आपणही गोरे नाही, आपणही सोसलंय, असं पहिल्याच आठवड्यात मुलांना ऐकवू नका. त्यांचा अनुभव वेगळा आहे.

पहिल्या दिवशी प्रत्येक नाव त्या मुलाकडून ऐका आणि तसंच म्हणा. आपल्या नावांची इथे काय गत होते हे आपल्याला माहीत आहेच. केसांना हात लावू नका, कौतुकानेही नाही. शेजारच्या वर्गातली जुनी कृष्णवर्णीय शिक्षिका काय करते ते पाहा आणि विचारून शिका. पण तिच्यावर सगळ्या 'अवघड' मुलांचा भार ढकलू नका. शाळा नेमकं हेच करतात, म्हणून त्या बाया थकून नोकरी सोडतात.

आणखी एक. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच मिडल स्कूलमध्ये जेसन ओकोनोफुआ आणि सहकाऱ्यांनी गणिताच्या शिक्षकांकडून सुमारे तासभराचा ऑनलाइन सराव करून घेतला. मूल असं का वागलं असेल, शिक्षेआधी त्याचं ऐकलं तर काय होतं, यावर शिक्षकांनी वाचायचं आणि स्वतः लिहायचं, एवढंच. वर्षभरात सस्पेंड होणाऱ्यांचं प्रमाण हा सराव न केलेल्या शिक्षकांच्या मुलांमध्ये ९.६ टक्के होतं, केलेल्यांच्या मुलांमध्ये ४.८ टक्के.

केसांवरून शाळेत वाद होतात, ते काय प्रकरण आहे?

वेण्या, लॉक्स (जटांसारखे पीळ), अफ्रो (मोकळे, फुगीर कुरळे केस) ही कृष्णवर्णीयांच्या केसांची स्वाभाविक ठेवण आहे. 'नीटनेटकेपणा'च्या नियमाखाली अनेक शाळांनी ती बंद केली होती. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये देशात पहिल्यांदा केसांवरून भेदभाव करायला बंदी घातली, त्याला क्राउन कायदा म्हणतात. नंतर बऱ्याच राज्यांनी तो केला. टेक्सासने २०२३ मध्ये केला, आणि त्याच वर्षी तिथल्या एका हायस्कूलने एका मुलाला लॉक्स लांब आहेत म्हणून कित्येक महिने वर्गाबाहेर बसवलं. कोर्टाने शाळेचा लांबीचा नियम कायद्यात बसतो असं म्हटलं. केसांसाठी मुलाचं अकरावीचं वर्ष गेलं.

रेस्टोरेटिव्ह जस्टिसने शिस्त बिघडते का?

भांडणानंतर दोघांना गोलात बसवून काय झालं, कुणाला लागलं, आता भरपाई कशी करायची हे बोलायचं, अशी ही पद्धत. पिट्सबर्गमध्ये तिची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सस्पेन्शनं कमी झाली, कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांतली तफावतही घटली. पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण खाली आले. दोन्ही बाजू सांगायला हव्यात. माझं मत असं की वेळ आणि शिकवलेलं माणूस दिलं तर ही पद्धत चालते. दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन शिक्षकाच्या गळ्यात मारली तर तास बुडतात आणि कुणाचंच भलं होत नाही.

मूल गप्प झालंय, शाळेत जायला नको म्हणतंय. कुणाकडे जायचं?

आधी शाळेच्या काउन्सेलरकडे. काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक काउन्सेलर अशी आहे, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी भार जास्त असतो, म्हणून एकदा विचारून थांबू नका. कृष्णवर्णीय मुलांचं दुःख पुष्कळदा रागासारखं दिसतं आणि मग त्याच्यावर उपचाराऐवजी शिक्षा होते. "याला काय झालंय" असा प्रश्न पडायच्या आधी "याने काय केलंय" असं विचारलं जातं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर ती कधीही हलक्यात घेऊ नका. देशभर कुठूनही ९८८ वर फोन किंवा मेसेज करता येतो.

वर्षाच्या १८० दिवसांपैकी १८ दिवस बुडाले की शाळेच्या हिशेबात ते मूल सतत गैरहजर ठरतं. माझ्या वर्गात त्यामागे बऱ्याचदा दमा असतो. महामार्गाला लागून असलेल्या वस्त्या आहेत त्या. अशा वेळी नोटीस पाठवण्याआधी इन्हेलर शाळेत ठेवायचा फॉर्म भरून घ्या.

फक्त कृष्णवर्णीय मुलांसाठी कार्यक्रम, हा इतरांवर अन्याय नाही का?

ओकलंडच्या डिस्ट्रिक्टने २०१० मध्ये कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी वेगळं कार्यालय उघडलं. हायस्कूलमध्ये रोजच्या वेळापत्रकात एक तास, कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक, त्यांचा इतिहास आणि अभ्यासाची शिस्त. स्टॅनफर्डच्या संशोधकांना २०१९ मध्ये आढळलं की ज्या शाळांत हा तास होता तिथे या मुलग्यांचं शाळा सोडणं ४३ टक्क्यांनी कमी झालं, आणि तासाला नसलेल्या कृष्णवर्णीय मुलींमध्येही काहीशी घट झाली. कुणाचंही काही काढून घेतलं गेलं नाही.

कायद्याचं वारं मात्र बदललं आहे. प्रवेश देताना वर्णाचा विचार करायला मनाई करणारा २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कॉलेज प्रवेशांपुरता होता, तरी त्यानंतर शाळांच्या कार्यक्रमांवरही तक्रारी झाल्या. लॉस एंजेलिसने अशा तक्रारीनंतर २०२४ मध्ये आपल्या योजनेत शाळा निवडताना वर्णाचा निकष काढला. आता अनेक डिस्ट्रिक्ट दार सगळ्यांना उघडं ठेवून आशय तोच ठेवतात.

महाराष्ट्रात बसून आम्हाला याच्याशी काय देणंघेणं?

फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला आले, ते विद्यापीठ हार्लेमला लागून आहे. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि त्यांचं उत्तरही आलं. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडून. त्याच पँथरांनी जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळेआधी मुलांना फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली होती. २०२२ पासून कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक पब्लिक स्कूलमध्ये प्रत्येक मुलाला नाश्ता आणि जेवण फुकट मिळतं, आपल्या मराठी मुलांनाही.

शाळेत जाणाऱ्या मुलांचे आई-बाप म्हणून आम्ही काय करू शकतो?

घर घेताना शाळेचं रेटिंग पाहता, तेव्हा त्या शाळेत एकदा जाऊन या. रेटिंग बरंचसं गुणांवर असतं आणि गुण बरेचसे घरच्या उत्पन्नावर. "बघा आमची मुलं कशी पुढे जातात" ही तुलना मुलांसमोर करू नका. आपल्यातले बहुतेक जण पदवी हातात घेऊन व्हिसावर आले, निवडून घेतलेले. पीटीएत, म्हणजे पालक-शिक्षक संघात, उरलेला निधी कुठे जातो ते विचारा. मुलाच्या वाढदिवसाला वर्गातल्या कुणाकुणाला बोलावता, तेही बघा.

नवीन शिक्षिकेने पहिल्या पंधरवड्यात एकच गोष्ट करायची तर कोणती?

प्रत्येक मुलाच्या घरी एक फोन, आणि त्यात फक्त चांगली बातमी. संध्याकाळी सहानंतर करा, पाळ्या सुटलेल्या असतात. नाव सांगितल्यावर लगेच म्हणा, काळजीचं काही नाही. नाहीतर समोरच्याचा श्वास अडकतो, कारण शाळेचा नंबर दिसला की वाईटच असतं हे त्यांना माहीत असतं.

बार्टच्या गणितानंतर मी त्या हूडीवाल्या मुलाच्या घरी फोन केला. आईने पहिलं वाक्य विचारलं, "काय केलं त्याने?" मी सांगितलं, ऋण संख्यांची वजाबाकी आज त्याने वर्गाला समजावली, मला त्यासाठी एरवी आठवडा लागतो. पलीकडे बराच वेळ आवाज नाही. मग ती म्हणाली, थांबा, स्पीकरवर टाकते, त्याची आजी आलीय, पुन्हा एकदा सांगा.

मी पुन्हा सांगितलं. कोलिझियमहून मॅकआर्थरला किती स्टेशनं, तिथपासून.